जुने गर्डर, नवे सभागृह

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत. — संपादक मंडळ)



मी काही वक्ता नाही. चौतीस वर्षे लोखंडाच्या कामात काढली. आधी हेल्पर, मग फिटर, मग वेल्डर आणि शेवटची काही वर्षे फॅब्रिकेशन शॉपमध्ये सुपरवायझर. माझा आवाज मोठा आहे तो भाषणामुळे नाही, ग्राइंडरच्या आवाजावर बोलायची सवय लागली म्हणून. तेव्हा माइक जरा लांब धरतो.

विषय समितीनेच दिला आहे. विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत चाळीस फूट बाय पंचवीस फुटांचे सभागृह करायचे आहे. दिवसा मुलांची अभ्यासिका आणि संध्याकाळी कार्यक्रम. खाली जोते, वर लोखंडी सांगाडा आणि पत्रा. एमआयडीसीतली एक बंद पडलेली शेड उतरवली जात आहे, तिचे खांब, गर्डर, चॅनेल आपल्याला मिळू शकतात. भाव नव्याच्या निम्म्याच्या थोडा वर सांगितला आहे. मागच्या महिन्याच्या बैठकीत यावर दोन तट पडले. एक म्हणतात, पैसे वाचतात, घेऊन टाका. दुसरे म्हणतात, वर मुले बसणार, भंगारावर भरवसा ठेवायचा नाही. आणि एका आजींनी तिसरीच गोष्ट सांगितली, तिच्याकडे मी शेवटी येतो, कारण तिचे उत्तर मला अजून नीट देता आलेले नाही.

आधी साधी गोष्ट. पोलाद येते कुठून? खाणीतून लोहखनिज काढायचे, दगडी कोळशापासून कोक करायचा, चुनखडी घालायची आणि झोतभट्टीत वितळवायचे. कोळसा तिथे नुसता उष्णतेसाठी नसतो. खनिजातला ऑक्सिजन ओढून घ्यायलाही कार्बन लागतो. म्हणून धूर टळत नाही. आपल्या देशात एक टन पोलाद तयार होताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनातला सात ते आठ टक्के वाटा एकट्या पोलादाचा आहे. 2023-24 या वर्षात भारताने सुमारे 14 कोटी 40 लाख टन कच्चे पोलाद तयार केले. चीननंतर आपलाच नंबर. त्यातले बरेचसे घरे, पूल, शेड यांतच जाते.

आता भंगाराचे बघा. एक टन भंगार पुन्हा वितळवले तर साधारण 1.4 टन लोहखनिज, 740 किलो कोळसा आणि 120 किलो चुनखडी वाचते, असा पोलाद उद्योगाच्या जागतिक संघटनेचा हिशेब आहे. आणि लोखंडाचा एक मोठा गुण असा की ते वितळवले की पुन्हा पहिल्यासारखे होते. कागद पुन्हा केला की त्याचा धागा आखूड होतो, प्लॅस्टिक दर वेळी निकस होत जाते. लोखंडाचे तसे नाही. म्हणून भंगारवाला कागदाला जो भाव देतो त्यापेक्षा लोखंडाला जास्त देतो, आणि गावातला एक खिळासुद्धा कचऱ्यात राहत नाही.

आपल्या राज्यात हे बघायचे असेल तर जालन्याला जा. जालना म्हटले की लोक बियाणे म्हणतात, पण तिथे भट्ट्या आणि रोलिंग मिलही तेवढ्याच आहेत. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत टाकतात, वितळलेल्या पोलादाचे बिलेट ओततात, बिलेट तापवून मिलमधून ओढतात आणि पाण्याचा झोत मारून टीएमटी सळी बाहेर काढतात. आपल्या वस्तीत जी सळी येते तिच्यात कुणाची तरी सायकल, कुणाचा तरी नांगर, कुठल्या तरी गिरणीचे यंत्र असतेच. गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर 1983 पासून जहाजे तोडतात, त्यांचे पत्रेही असेच पुन्हा कामाला लागतात. आपल्या मुंबईत दारूखान्यालाही जहाजे तुटत आली आहेत. त्या कामात किती माणसे पडली, भाजली, गुदमरली हे मी वेगळे सांगायला नको. 2019 साली जहाजतोडणीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा झाला आणि त्याच विषयाचा आंतरराष्ट्रीय करार जून 2025 मध्ये लागू झाला. कायदा झाला म्हणजे हातमोजे मिळाले असे नसते, पण निदान मागता येतात.

भट्टीतही सगळे आलबेल नसते. गाडीच्या भंगारात तांब्याची वायर राहिली तर ते तांबे पोलादात मिसळते आणि नेहमीच्या पद्धतीने पुन्हा निघत नाही. तांबे जास्त झाले की तापवून ओढताना पोलादाला भेगा पडतात. इंडक्शन भट्टीत फॉस्फरससुद्धा फारसा काढता येत नाही. म्हणजे जे टाकाल तेच निघेल. बंद डबा, गॅसची टाकी, पाणी राहिलेला पाइप भट्टीत गेला तर स्फोट होतो. आणि एक भयंकर प्रकार सांगतो. तैवानमध्ये 1982 ते 1984 च्या सुमारास कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी पदार्थ भंगारातून भट्टीत गेला. त्याच्या सळया झाल्या, त्या इमारतींत गेल्या, आणि 1992 साली कळले की माणसे किरणोत्सारी भिंतींत राहत आहेत. आपल्याकडे 2010 साली दिल्लीच्या मायापुरीच्या भंगार बाजारात असेच कोबाल्टचे यंत्र आले. तिथे ते भट्टीत जायच्या आधी सापडले, पण भंगारात काम करणाऱ्या एकाचा जीव गेला. यंत्र लिलावात विकणारे शिकलेले लोक होते. मेला तो उघड्या हातांनी तोडणारा.

हे झाले वितळवून पुन्हा वापरणे. पण आपला प्रश्न तो नाही. आपल्याला गर्डर गर्डर म्हणूनच वापरायचा आहे. न वितळवता.

विनयपिटकातली एक गोष्ट वर्षावासात आपण ऐकली आहे. उदेन राजाच्या राण्यांनी आनंद थेरांना पाचशे चीवरे दान केली. राजाला शंका आली, एवढ्यांचे हे करणार काय? त्याने विचारत विचारत नेले. नवी चीवरे ज्यांची फाटली त्यांना देऊ. मग फाटलेल्यांचे? बिछान्यावर घालू. ते जुने झाले की गादीची खोळ करू, मग जमिनीवर अंथरू, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके. आणि त्या फडक्याचे? कुटून, चिखलात कालवून जमीन लिंपू. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटले, हा तर आमच्या शॉपचा नियम आहे. मोठा तुकडा आधी मोठ्या कामाला. लगेच तोडायचा नाही, लगेच वितळवायचा तर नाहीच. फरक एवढाच की कापड प्रत्येक पायरीला उतरत जाते आणि लोखंडाला भट्टीत नवा जन्म मिळतो. पण त्या जन्माला वीज लागते. एक टन वितळवायला साधारण सहाशे युनिट धरा. अभ्यासिकेचे पंखे-दिवे त्यात कित्येक महिने चालतील.

गर्डर दुसऱ्यांदा वापरणे ही काही गरिबांनी शोधलेली युक्ती नाही. लंडनला 1851 च्या प्रदर्शनासाठी लोखंड आणि काचेचा क्रिस्टल पॅलेस उभारला होता. प्रदर्शन संपल्यावर तो उतरवून गावाबाहेर सिडनहॅमला 1854 मध्ये पुन्हा उभा केला, आणखी मोठा करून. तिथे तो 1936 च्या आगीपर्यंत होता. दुसऱ्या महायुद्धातला बेली पूल तर मुद्दाम असाच काढला की माणसांनी उचलावा, पिनांनी जोडावा, काम झाले की सोडवावा आणि पुढच्या नदीवर न्यावा. 2017 च्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने तिथे आणि करी रोड, आंबिवली इथे पादचारी पूल बांधून दिले, ते याच जातीचे. वायनाडमध्ये जुलै 2024 ला दरड कोसळली तेव्हा चूरलमलाला लष्कराने 190 फुटांचा बेली पूल दोन दिवसांच्या आत टाकला, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी टीव्हीवर पाहिला असेल. अलीकडचे उदाहरण म्हणजे लंडनजवळची बेडझेड नावाची वसाहत, 2002 ची. तिच्या सांगाड्याचे सुमारे 95 टक्के पोलाद जुने आहे आणि त्यातले बरेचसे ब्रायटनच्या रेल्वे स्टेशनातून काढलेले. पैशाची टंचाई नसलेल्या लोकांनी हे केले.

पण तिथे त्यांनी एक केले, जे आपण सहसा करत नाही. प्रत्येक तुकडा तपासला.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती मी घरीसुद्धा फार सांगत नाही. साल 1997. एका गोदामात पोटमाळा करायचा होता. मालकाने रेल्वेचे जुने रूळ आणून टाकले. रूळ दिसायला किती दणकट! आपल्याकडे रुळाच्या तुळया घालून बांधलेली घरे आहेत, कुंपणाला रूळ आहेत, लोकांना वाटते याच्याइतके मजबूत काही नाही. तुकडे आखूड होते, ते जोडायचे होते. वेल्डर मी. मी माझ्या परीने झकास वेल्डिंग केले. तिसऱ्या दिवशी पोती चढवताना बंदुकीसारखा आवाज झाला आणि तुळई तुटली. एका हमालाचा पाय कायमचा गेला. मी जाऊन बघितले. माझे वेल्ड शाबूत होते. त्याच्या शेजारचे लोखंड काचेसारखे तडकले होते.

का? रुळाच्या पोलादात कार्बन जास्त असतो, साधारण 0.6 ते 0.8 टक्के. इमारतीच्या साध्या गर्डरमध्ये तो 0.2 च्या आसपास असतो. कार्बन जास्त म्हणजे कडक, झिजायला चिवट, चाकाखाली चांगले. पण वेल्डिंगने एकदम तापून एकदम थंड झाले की शेजारची पट्टी ठिसूळ होते. हे मला कुणी शिकवले नव्हते. मी विचारलेही नव्हते. तेव्हापासून अनोळखी लोखंडाला मी इलेक्ट्रोड लावत नाही. आधी ग्राइंडर लावतो आणि ठिणगी बघतो. साध्या पोलादाची ठिणगी लांब सरळ जाते, फाटे थोडे. कार्बन जास्त असला की फुलबाजीसारखी तारे फुटत जवळच उडते. बिडाची आखूड, लालसर. हा प्राथमिक अंदाज. खरी परीक्षा प्रयोगशाळेत.

तर एमआयडीसीतल्या त्या शेडचे काय, ते सांगतो. मी दोनदा जाऊन आलो.

खांब आणि मुख्य गर्डर आय सेक्शनचे आहेत, आठ इंची. हे मीटरला सुमारे पंचवीस किलो भरतात. वरची-खालची पाती जाड असते, पण मधली उभी पट्टी, तिला आम्ही वेब म्हणतो, ती जेमतेम साडेपाच-सहा मिलिमीटर. आता दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर गंजले तर उरले साडेतीन-चार. म्हणजे लांबून गर्डर तसाच दिसतो आणि तिसरा हिस्सा गेलेला असतो. शिवाय गंज फसवतो. लोखंडापेक्षा त्याच्या गंजाला कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून पोपडे आलेला गर्डर उलट जाडच दिसतो. त्याला वायर ब्रश मारायचा, हातोडीने ठोकायचे, आणि मग जाडी मोजायची. त्यासाठी खिशात मावेल असे ध्वनिलहरीचे यंत्र मिळते. मला जुन्या शॉपमधून ते दोन दिवसांसाठी मिळणार आहे. खांबांचा पाया जिथे फरशीतून वर येतो तिथे पाणी साचते. तिथला फूटभर भाग मी आंधळेपणाने कापून टाका म्हणेन. खांब आपल्याला हवेत त्यापेक्षा उंच आहेत, परवडते.

दुसरे, सरळपणा. गर्डरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणा. मीटरमागे एक मिलिमीटरपेक्षा जास्त पोट आले असेल तर तो बाजूला. खांबाला हे जास्त लागू, कारण वाकडा खांब वजनाखाली आणखी वाकतो.

तिसरे, भोके. जुने बोल्ट-रिव्हेट काढल्यावर भोके राहतात. भोक पडले तेवढे लोखंड कमी. हिशेब करताना ते वजा धरावे लागते, आणि जिथे ताण जास्त, म्हणजे गर्डरच्या मध्यावर खालच्या पातीला, तिथे जुने भोक येऊ नये अशी मांडणी करावी लागते. वेल्डने भोक बुजवून रंग मारणे म्हणजे दुखण्यावर पावडर लावणे.

चौथे, आग आणि क्रेन. पोलाद साडेपाचशे-सहाशे अंशांना गेले की त्याची निम्मी ताकद जाते. थंड झाल्यावर साध्या पोलादाची बरीचशी परत येते, पण वाकले असेल तर घेऊ नये. त्या शेडमध्ये आगीची खूण मला दिसली नाही. मात्र एका बाजूला क्रेन चालत होती. क्रेनच्या गर्डरवर लाखो वेळा भार येतो-जातो, त्याने पोलाद थकते, डोळ्याला न दिसणारी चीर पडते. ते चार गर्डर दिसायला सगळ्यांत देखणे आहेत. व्यापारी तेच पुढे करतो. ते घ्यायचे नाहीत.

पाचवे, नमुना. प्रत्येक प्रकारच्या सेक्शनच्या टोकाचा तुकडा कापून प्रयोगशाळेत खेचायला द्यायचा. साध्या प्रतीच्या पोलादाने चौरस मिलिमीटरला 250 न्यूटन, म्हणजे सुमारे पंचवीस किलोचा भार, कायमचे न लांबता सोसला पाहिजे. त्याच तुकड्यातून कार्बन वगैरे कळतो, म्हणजे वेल्डिंग करायचे की बोल्ट लावायचे ते ठरते. इंग्लंडमध्ये जुन्या गर्डरच्या तपासणीची पद्धत 2019 साली पुस्तकात बांधून दिली आहे, आणि तीसुद्धा 1970 नंतरच्या इमारतींतल्या पोलादापुरती. आपली शेड 1980 नंतरची आहे, एवढे तिच्या कागदांवरून दिसते. शंभर वर्षांपूर्वीचे लोखंड असते तर मी नाहीच म्हटले असते, कारण तेव्हाचे बीड, घडीव लोखंड आणि पोलाद दिसायला भाऊ-भाऊ आणि स्वभावाने तीन तऱ्हांचे.

वरचे पर्लिन नकोत, फार पातळ आहेत आणि पावसाने खाल्ले आहेत. जुने नट-बोल्ट तर फुकट दिले तरी नकोत. पत्रे सिमेंटचे आहेत, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते आणायचे नाहीत आणि उतरवताना फोडायचेही नाहीत. आणखी एक. खांबांवर खालचा हात शेंदरी रंगाचा आहे. तो शिशाचा रंग असू शकतो. त्यावर गॅसकटर चालवला की शिशाची वाफ निघते, ती कापणाऱ्याच्या पोटात जाते. तासून काढलेला भुगा अंगणात पडला तर मुलांच्या हाताला लागतो. म्हणून कापायच्या जागेचा रंग आधी ओला करून खरवडायचा, भुगा पोत्यात भरायचा, आणि हे काम विहाराच्या आवारात अजिबात नाही.

आता एक विषयांतर, पण मला ते सभागृहापेक्षा महत्त्वाचे वाटते. आपल्या गल्लीत दोन-तीन घरांचे वरचे मजले चालू आहेत. तिथे पाडकामाची जुनी सळी आलेली मी पाहिली. स्लॅब फोडतात, बायका-पोरे हातोडीने सळी सरळ करतात आणि ती किलोवर विकतात. भाऊ, गर्डर वेगळा आणि सळी वेगळी. गर्डर वाकवला नव्हता, सळी वाकवून परत सरळ केली. टीएमटी सळीची ताकद तिच्या बाहेरच्या कडक सालीत असते, तिला आत्तापर्यंत आकडे, रिंगांचे वळण, पाडकामाचा मार असे सगळे झालेले असते. त्याआधीच्या काळातली पिळाची टॉर सळी तर पिळतानाच आपला लवचिकपणा खर्च करून बसलेली. ती सरळ करताना हातात मोडली नाही म्हणजे चांगली, असे समजू नका. आणि वर काँक्रिट ओतल्यावर ती कुणाला पुन्हा तपासता येणार आहे? गर्डर डोळ्यांसमोर राहतो, सळी गाडली जाते. जुन्या सळीची जागा भट्टीत आहे. घराला नवी सळी घ्या, मानकाचा शिक्का आणि कंपनीचे नाव अंगावर उठलेली. मजला एक वर्ष उशिरा होऊ द्या. सभागृहाच्या पायातही मी नवीच सळी धरली आहे.

आता पैशाचा आणि धुराचा हिशेब. आपल्या कॉलेजच्या मुलांनी छान तक्ता केला आहे, तो बाहेर लावलाय. सभागृहाला सुमारे तीन टन पोलाद, टनाला अडीच टन कार्बन, म्हणजे साडेसात टन वाचले. घरच्या गॅसचे एक सिलिंडर जाळले की सुमारे 42 किलो कार्बन डायऑक्साईड होतो, तेव्हा ही बचत पावणेदोनशे सिलिंडरांच्या वर. ऐकायला फार छान. पण मुलांनो, यात एक खोट आहे, रागावू नका. आपण ते गर्डर घेतले नाहीत तर ते काही समुद्रात जाणार नाहीत. ते जालन्याला भट्टीतच जाणार आणि त्यांच्या सळ्या होणार. म्हणजे आपण खरे वाचवतो ते पुन्हा वितळवणे आणि पुन्हा ओढणे. सहाशे युनिट विजेमागे, आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची म्हणून, टनाला साधारण चारशे-साडेचारशे किलो. त्यात मिलच्या भट्टीचे इंधन मिळवा, आपली ट्रक, गॅस, रंग वजा करा. तीन टनांना तीस-चाळीस सिलिंडर म्हणा. पावणेदोनशे नव्हे. पण तीस-चाळीस सिलिंडर म्हणजे एखाद्या घराचा चार-पाच वर्षांचा स्वयंपाक. आकडा फुगवायची गरज नाही, आहे तेवढा पुरे. तक्ता उद्या बदला.

पैशाचेही तसेच. भाव निम्मा दिसतो. त्यात तपासणी, इंजिनिअरची फी, कापणे, घासणे, रंग, वाया जाणारा भाग धरला की बचत माझ्या अंदाजाने चौथ्या हिश्श्यावर येते. तरी ती रक्कम अभ्यासिकेच्या टेबल-खुर्च्यांची आहे. आणि पावतीशिवाय एक किलोसुद्धा नाही. रेल्वेची खूण असलेला माल लिलावाच्या कागदाशिवाय जवळ ठेवला तर 1966 च्या कायद्याने गुन्हा होतो, मग तुम्ही विहारासाठी घेतला की घरासाठी हे कुणी विचारत नाही.

बांधताना माझा आग्रह एवढाच की शक्य तिथे वेल्डिंगऐवजी नट-बोल्ट. प्रत्येक खांबावर, गर्डरवर नंबर टाकायचा. कुठला सेक्शन, कुठून आला, चाचणीत काय निघाले, याची वही विहाराच्या कपाटात ठेवायची. पुढे-मागे आपल्या नातवंडांनी इथे मजली इमारत बांधायची ठरवली तर त्यांना हा सांगाडा गॅसकटरने तोडावा लागू नये. पाने लावून सोडवावा आणि दुसऱ्या वस्तीला द्यावा.

आता आजींचे बोलणे. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूनं जन्मभर दुसऱ्याच्या अंगावरनं उतरलेलं लुगडं नेसलं. शिळं खाल्लं. आता आपण आपला विहार बांधतोय, तो तरी नव्याचा बांधा की रे."

बैठकीत सगळे गप्प झाले. मीही. मघाशी मी चीवराची गोष्ट सांगितली, पण ती आजींना उत्तर म्हणून सांगता येत नाही. भिक्खूंनी ते आपणहून निवडले होते. आजींच्या सासूला कुणी विचारले नव्हते. हा फरक मोठा आहे आणि टनाच्या हिशेबात तो बसत नाही.

मी एवढेच म्हणू शकतो की उतरलेले लुगडे मान खाली घालून घ्यावे लागे, त्याला नाही म्हणता येत नसे. इथे आपण टेप घेऊन, यंत्र घेऊन जाणार, दहा तुकडे बघून चार नाकारणार, पैसे मोजणार आणि पावती घेणार. देखणे दिसणारे क्रेनचे गर्डर आपण परत पाठवणार. हे आजींना पटते का ते त्यांनी सांगावे. माझी समितीला विनंती आहे की चाचणीचा अहवाल आल्यावर बैठक पुन्हा घ्या, ती सगळ्यांसमोर इथे घ्या, आणि आजींना पुढच्या खुर्चीवर बसवा. त्या दिवशी नव्याचे ठरले तर नव्याचे. मी नव्याला याच हातांनी बोल्ट लावीन.

जुन्याचे ठरले तर त्याआधी कामे आहेत. येत्या रविवारी सकाळी साडेआठला शेडवर मोजमाप आहे. आठ-दहा माणसे लागतील. बूट घालून या, चपलेवर कुणाला आत घेणार नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांनी येऊ नये, कितीही हौस असली तरी. वायर ब्रश माझ्याकडे सहा आहेत, ज्यांच्या घरी असतील त्यांनी आणावेत. नंबर टाकायला पांढरा ऑईलपेंट आणि दोन ब्रश महिला मंडळाने आणून ठेवले आहेत. पाण्याचा जार भरून न्यायचा आहे, त्याला कोण गाडी देतो ते भाषण झाल्यावर मला सांगा.

जयभीम.